काटकसर

पेंटर अक्षरामागे नऊ रुपये घ्यायचा,
म्हणून लालजीभाईंनी 'भांडार' गाळलं.
त्याआधी 'किराणा' गेलं होतं, त्याच्याही आधी वडिलांचं नाव.
उरला एक शब्द, पाच अक्षरांचा,
पंचेचाळीस रुपयांत पाटी झाली.

शब्द माझा होता.
कामाला ठेवताना त्यांनी हिशेब घातला नाही,
विचारलं, तुझी आई महिना कसा काढते?
मी म्हटलं, काटकसर.
त्यांनी तो दोनदा तोंडात घोळवला,
तुर्भ्याच्या दाणाबाजारात तांदूळ दाताखाली फोडून बघतात तसा,
आणि पेंटरला हाक मारली.

कोपरखैरणे. माथाडींच्या वसाहतीखाली
एक गाळा, दीड शटर.
उरलेलं अर्धं चपलावाल्याचं.
पिशवी घरून आणायची. रिकामी बारदानं विकायची.
दुपारी एक ट्यूब बंद.

माझं काम रेघ मारायचं.
आधी छापील किंमत ठळक लिहायची,
मग लाल पेनाने आडवी काट,
मग खाली आमचा भाव.
पातळ मार, मढवी, लालजीभाई म्हणायचे,
आकडा मेला पाहिजे, पण चेहरा ओळखू आला पाहिजे.

ऐरोली. कळवा. मग दिव्याला दोन,
एक चाललं नाही, त्याचे रॅक उचलून नेरूळला.
घणसोलीचं उभं राहिलं आमच्या खारीवर.
उद्घाटनाला बाबा आले, नवा सदरा घालून,
साबणाच्या रांगेत थांबले, फरशीवर टाच आपटून बघितली.
हय उघारी व्हती, म्हणाले.
पोऱ्याने त्यांना वाटलं काही सांडलंय म्हणून
पुसायला फडकं आणलं.

सेक्टरातले येवले किराणावाले
दिवसातून तीनदा यायचे, वेगवेगळे शर्ट घालून.
तेलाच्या पिशव्या आमच्याकडून न्यायच्या,
रात्री आमचं शटर पडलं की त्याच उधारीवर विकायच्या.
लालजीभाईंनी पाटी लिहायला सांगितली,
'एका ग्राहकास दोनच'.
येवल्यांनी ती पूर्ण वाचली.
अक्षर छान आहे ताई, म्हणाले,
आणि दोनच घेऊन गेले.
त्यानंतर ते कधी बंद झाले, मला तारीख आठवत नाही.
त्यांच्या गाळ्यात आता आमचेच खोके असतात.

पस्तिसाव्या दुकानाला मशीन आलं.
त्याची रेघ आकड्याच्या बरोबर मधून जायची.
माझी जरा वर चढायची, उजवीकडे,
शेवटच्या शून्याला पुष्कळदा चुकवायची.
मला परत आलेल्या मालाच्या काउंटरवर बसवलं.
तिथे लोक फाटलेली पाकिटं आणत
आणि माझ्यावर ओरडत, जणू फाडलं मी.

मग चिरागभाई शिकून आले.
एका मोठ्या खोलीत, पडद्यावर, नाव बदललं.
काटकसर म्हणजे गरिबी वाटते, असं सर्वेक्षणात निघालं.
सत्त्याण्णव दुकानांच्या पाट्या एका आठवड्यात उतरल्या.
एक मी मागितली. लोखंडाची होती,
भंगाराच्या भावाने माझ्या पगारातून कापली.
आता ती गच्चीवर टाकीवर झाकण आहे,
आई तिच्यावर सोडे वाळत घालते.
अधूनमधून विचारते, तुझ्या शब्दाचे काय आले?
मी म्हणते, माशा हाकल.

घोडबंदर रोडला चार मजल्यांचं उघडलं तेव्हा
जुन्या माणसांना गाडी पाठवली होती.
लालजीभाईंना दोघांनी धरून उतरवलं.
वर उजेडाची अक्षरं,
एकेक आमच्या पहिल्या गाळ्याहून उंच.
त्यांना आता दिसत नाही.
हात चाचपत म्हणाले, मढवी, काय लिहिलंय?
म्हटलं, केके.
बाकीचं?
बाकीचं नाही.
ते बोटांवर काहीतरी मोजत राहिले,
फीत कापून झाली, टाळ्या झाल्या, पेढे फिरले.

अठरा रुपये, म्हणाले.